अंहं म्हणायची जागा

पूर्वी वेणुमती नगरीवर राजा दृढवर्मा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने कथा सांगणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. नदीकाठच्या आश्रमात एका वृद्ध आचार्यांपाशी तो कथा शिकला. त्याच्याबरोबर मधुरक नावाचा आणखी एक शिष्य होता. वयाने धाकटा, दिसायला देखणा, गळ्याने गोड. पण अख्ख्या जगाने आपल्याला चांगले म्हणावे हे खूळ त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेले. वाटेवरचे कुत्रे भुंकले तरी 'माझे काय बरे चुकले?' म्हणून हा दिवसभर झुरत बसे.

त्या देशात कथा ऐकण्याची एक रीत होती. सांगणाऱ्याने एक वाक्य बोलायचे आणि ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचे. हं आला की कथा पुढे सरकायची, हं थांबला की कथाही थांबायची. आचार्य शिष्यांना सांगत, "बाळांनो, बोलायला कुणीही शिकतो. तुम्ही हुंकार ऐकायला शिका. पुढचं ऐकायला उतावीळ झालेल्याचा हं वेगळा, घरी जायची घाई असलेल्याचा वेगळा, आणि झोपेत सोडलेला तर फारच वेगळा. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक चांगल्या कथेत एक अंहंची जागा असते. तिथे आपण असा प्रश्न टाकायचा की ऐकणाऱ्याच्या तोंडून 'अंहं' निघालंच पाहिजे. ते निघालं की समजा, समोर माणूस बसलाय. तिथेही 'हं'च आला, तर कथा गुंडाळा आणि घरी जा. तुम्ही भिंतीशी बोलताय."

बोधिसत्त्वाने हे ऐकून मनात ठेवले. मधुरकाने हे ऐकून 'हं' म्हटले.

शिक्षण संपल्यावर दोघे नगरीत आले. बोधिसत्त्व नगरीच्या वेशीबाहेर दोर वळणाऱ्यांच्या अंगणात कथा सांगू लागला. तिथे सात-आठ माणसे अंबाडीचा वाख घेऊन दिवसभर दोर वळत. हाताला काम असे, कान रिकामे असत. त्या सगळ्यांची म्होरकी गोमाई नावाची म्हातारी होती. तिला दात चार आणि जीभ मात्र चाळीस दातांची. बोधिसत्त्वाच्या कथेत काही घसरले की पीळ देता देता ती म्हणे, "अंहं! काल राजपुत्राचा घोडा पांढरा होता. आज काळा कसा झाला? चिखलात लोळला का?"

"चुकलं, गोमाई. पांढराच होता," बोधिसत्त्व म्हणे आणि घोडा पुन्हा पांढरा करी.

कथेच्या बदल्यात त्याला दोन वेळची भाकरी आणि वर गोमाईची बोलणी मिळत. बोधिसत्त्व तेवढ्यावर तृप्त होता. कोणत्या वाक्याला कोणाचा हात थांबतो, कोण कुठे नाक ओढतो, हे त्याला पाठ झाले होते, आणि तो त्यांच्यासाठीच कथा जुळवी.

मधुरक गेला थेट नगरीच्या मोठ्या चौकात. पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती बरी गर्दी जमली. पण गर्दी म्हटली की नाना तऱ्हेची माणसे आली. शिपाई म्हणाले, "लढाई पाहिजे." व्यापारी म्हणाले, "कुणाचा तरी नफा होऊ दे." आया-बाया म्हणाल्या, "लग्न लावा हो." एक संन्यासी होता, तो म्हणाला, "शेवटी वैराग्य हवं, नाहीतर काय अर्थ?" आता यांतल्या एकालाही नाही म्हणेल तर तो मधुरक कसला! त्याचा राजपुत्र सकाळी लढाई जिंके, दुपारी मिरी विकून नफा कमवी, संध्याकाळी बोहल्यावर चढे आणि दिवेलागणीला 'संसार असार आहे' असे म्हणून वनात चालता होई. बिचाऱ्या नवरीच्या अंगाची हळदसुद्धा वाळलेली नसे.

पुढे तेल्यांनी तक्रार केली की कथेतला दुष्ट माणूस तेली आहे. मधुरकाने त्याला न्हावी केले. मग न्हावी आले. तेव्हा त्याने त्या दुष्टाला दूर कलिंग देशात धाडून दिले, तर एका सावकाराची सासुरवाडी नेमकी कलिंगातली निघाली. अखेर मधुरकाने दुष्ट माणूस कथेतून काढूनच टाकला. राजपुत्र लढाई जिंकतच राहिला, पण कोणाशी, हे कोणी विचारले नाही.

गर्दी इतकी वाढली की हुंकार द्यायची पंचाईत झाली. पुढच्यांचा हं आधी येई, मागच्यांचा उशिरा, आणि मधले आपसांत बोलत. तेव्हा मधुरकाने दुंदुभ नावाचा एक धिप्पाड माणूस हुंकारासाठी खास ठेवला. त्याचा हं ऐकून बैल बुजत. त्याने एकदा 'हं' केले की सगळा चौक त्याच्यामागून 'हंऽऽ' करी. दुंदुभाच्या अंगी दुसराही एक गुण होता. त्याला झोपेतसुद्धा हं म्हणता येई. वाक्य संपून सांगणाऱ्याचा आवाज खाली आला की याच्या घशातून हं आपोआप बाहेर पडे. तो जागा कधी असतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसे.

मधुरकाचे नाव सगळीकडे झाले. मनात मात्र त्याला एक गोष्ट खुपत राही. कथा संपून लोक घरी निघत तेव्हा 'काय गर्दी होती!' असे म्हणत. कथेविषयी कुणी चकार शब्द काढत नसे.

एके दिवशी राजाचा हुकूम आला. महाराजांच्या वाढदिवशी भर दरबारात मधुरकाने कथा सांगावी. सगळी प्रजा ऐकायला येईल. कथा सर्वांना आवडली तर त्याला राजकथेकरी हे पद मिळेल. मधुरकाचा आनंद गगनात मावेना, पण लगेच तो 'सर्वांना' या शब्दापाशी अडला. सर्वांना म्हणजे अगदी सर्वांना! तो धावत दोर वळणाऱ्यांच्या अंगणात गेला.

"दादा, माझ्याबरोबर दरबारात चल. दोघं मिळून सांगू. मोठं पद आहे, निम्मं तुझं."

"मला नाही रे जमायचं," बोधिसत्त्व म्हणाला. "राजपुत्र झाडावर चढलाय आणि खाली वाघ बसलाय. ही मंडळी दोन दिवस त्याची काळजी करताहेत. त्याला तसाच टाकून कुठे येऊ?"

गोमाई म्हणाली, "आधी त्याला खाली उतरव, मग कुठं जायचं तिथं जा."

मधुरकाने कपाळाला हात लावला. "बरं, मग कोणती कथा सांगू तेवढं तरी सांग."

"आचार्यांची विहिरीवरच्या राजाची सांग. लहानशी आहे, पण चोख आहे. फक्त तिच्यातली अंहंची जागा सांभाळ."

"हं," मधुरक म्हणाला आणि गेला.

ही कथा अशी होती. एका राजाला त्याच्या राज्यात सगळे चांगलेच म्हणत. तो एकदा वेश पालटून विहिरीवर जाऊन बसला, तेव्हा पाणी भरणारी एक बाई त्याच्यावर खेकसली, 'पाय बाजूला घ्या, घागर सांडेल.' त्याची आई गेल्यापासून त्याला असे कोणी म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी राजा पुन्हा विहिरीवर गेला, आणि मग रोजच जाऊ लागला. इथे सांगणाऱ्याने विचारायचे, 'असा तो राजा मूर्ख होता का?' आणि ऐकणाऱ्याने म्हणायचे, 'अंहं.'

मधुरक घरी बसून तिच्यावर विचार करू लागला. वाढदिवसाला आईचे मरण नको, अशुभ वाटेल, ते काढले. बाई राजावर खेकसते हे दरबाऱ्यांना रुचणार नाही. म्हणून ती 'कृपावंतांनी आपले चरणकमल किंचित हलवावेत' असे म्हणू लागली. शिपायांसाठी विहिरीवर लढाई घातली, व्यापाऱ्यांसाठी घागरींचा भाव चढवला. आणि खुद्द महाराजांना काय आवडेल? मधुरकाने मांडीवर थाप मारली. कथेतला राजा हुबेहूब आपल्या महाराजांसारखाच करायचा! अंहंचा प्रश्न मात्र त्याने तसाच ठेवला, कारण तो त्याला आचार्यांनी पाठ करून घेतला होता.

वाढदिवसाच्या सकाळी दरबार खचाखच भरला. दृढवर्मा राजा सिंहासनावर बसला होता. तो शिंकला तरी सरदार 'वाहवा' म्हणत, आणि त्याने जांभई दिली तर सगळा दरबार जांभई देई. लहानपणीच राज्यावर बसलेला हा राजा, त्याला कुणी 'असं नको करू' म्हटल्याचे आठवतही नव्हते. दुंदुभ खांबाला टेकून बसला आणि मधुरकाने सुरुवात केली.

"एक राजा होता. अगदी आपल्या महाराजांसारखा! तेच नाक, त्याच मिशा, उजव्या गालावर तसाच तीळ."

"हं," दुंदुभ म्हणाला. "हंऽऽ," सगळी प्रजा म्हणाली. राजाने खुशीत गालावरच्या तिळाला हात लावला.

लढाई झाली, घागरी विकल्या गेल्या, चरणकमल हलले. सगळे एकमेकांकडे पाहून माना डोलवीत होते. दुंदुभाचा डोळा केव्हाच लागला होता, पण हं चोख चालला होता. मधुरक रंगात आला आणि हात पसरून म्हणाला, "आणि तो राजा मग रोजच विहिरीवर जाऊ लागला. आता सांगा मंडळी, असा तो राजा मूर्ख होता का?"

"हं!" दुंदुभ झोपेत गरजला.

"हंऽऽऽ!" सगळी वेणुमती नगरी एका सुरात म्हणाली.

सरदारांचे हात वाहवा करायला उचलले होते, ते तसेच हवेत राहिले. राजाचा हात अजून तिळावर होता.

"कोणता राजा?" दृढवर्मा हळू आवाजात म्हणाला. "माझ्यासारख्याच मिशांचा?"

मधुरकाच्या तोंडचे पाणी पळाले. 'अंहं' असे ओरडायला त्याने तोंड उघडले, पण फार उशीर झाला होता. राजा उठून उभा राहिला. "भर दरबारात, माझ्या वाढदिवशी, सगळ्या प्रजेच्या तोंडून मला मूर्ख म्हणवलंस! बांधा याला. हत्तीच्या पायी द्या. मोठा दोर मागवा!"

तेव्हा वृद्ध अमात्य पुढे झाला. "महाराज, कथा अर्धी राहिलीय. अर्ध्या कथेवर सांगणाऱ्याला मारलं तर ऐकणाऱ्यांच्या घरी धान्य पिकत नाही, असा आपल्याकडे समज आहे."

राजा दात खाऊन बसला. "ठीक आहे. दोर येईपर्यंत सांगू दे. संपली की हत्ती."

मधुरक उभा राहिला. त्याने एक वाक्य म्हटले. कोणी हं म्हणेना. राजाला मूर्ख ठरवणाऱ्या कथेला हं कोण देणार? शिपाई जमिनीकडे पाहू लागले, व्यापारी आपापल्या अंगठ्यांकडे. लढाई मागणारे, लग्न मागणारे, वैराग्य मागणारे सगळे तिथेच होते, आणि या सगळ्यांसाठी मधुरकाने आपली कथा फाडून वाटली होती. त्याने प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. एकही चेहरा त्याच्याकडे वळेना. दुंदुभ भेदरून जागा झाला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसला होता. मधुरकाला रडू कोसळले. आपण आजवर ज्यांच्याशी बोललो त्यांत आपले एकही माणूस नाही, हे त्याला हत्तीपेक्षाही जास्त लागले.

इतक्यात दोर आला. दोर जड होता म्हणून वळणारी सगळी मंडळी तो खांद्यावर घेऊन आली होती, आणि त्याचे शेवटचे टोक बोधिसत्त्वाच्या खांद्यावर होते. गोमाई पुढे होती, आणि भारी चिडलेली. वाघ नुकताच झाडावर चढू लागला होता आणि नेमका तेव्हाच राजाचा शिपाई अंगणात आला होता.

"हा घ्या दोर," ती म्हणाली. "कुणाला बांधायचंय ते बांधा. आमचा दोर आहे, तुटायचा नाही." मग तिने मधुरकाला पाहिले. "अगं बाई, हा तर आपला मधुरक!"

बोधिसत्त्वाने सगळे एका नजरेत ओळखले. पळून जावे तर कुणी अडवले नसते, आणि पुढे बोलावे तर राजा त्यालाही त्याच दोराने बांधील हे उघड होते. तरी त्याने दोर खाली ठेवला, मधुरकाच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि शांतपणे म्हणाला, "सांग."

"काय सांगू, दादा? सगळं संपलं. एवढी माणसं..."

"एवढ्या माणसांकडे बघूच नको. ही गोमाई आहे ना, हिला सांग. आचार्यांनी शिकवली तशी, पहिल्यापासून. मी हं देतो."

मधुरकाने डोळे पुसले. लढाई त्याला आठवेना, घागरींचा भाव आठवेना. आठवली ती फक्त कथा. "एका राजाला त्याच्या राज्यात सगळे चांगलंच म्हणत," तो म्हणाला.

"हं," बोधिसत्त्व म्हणाला.

"तो शिंकला तरी लोक 'वाहवा' म्हणत."

"हं," गोमाई म्हणाली आणि दोरावरच बसली.

"एकदा तो वेश पालटून गावच्या विहिरीवर गेला आणि काठावर पाय पसरून बसला. पाणी भरायला एक बाई आली. त्याला म्हणाली, 'पाय बाजूला घ्या, घागर सांडेल.'"

"बरं केलं," गोमाई म्हणाली. दोर वळणारे हसले. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच तोंड दाबले.

"राजाने पाय बाजूला घेतले. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गेल्यापासून 'पाय बाजूला घे' असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं."

या वाक्याला हं यायला जरा वेळ लागला. गोमाईने पदराने नाक पुसले आणि मग दिला. सिंहासनावर दृढवर्मा थोडा पुढे सरकला होता, पण तिकडे मधुरकाचे लक्षच नव्हते. तो म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहून सांगत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्याच कथेत पुढे काय होणार याची ओढ लागली होती.

"दुसऱ्या दिवशी राजा पुन्हा जाऊन बसला. बाई म्हणाली, 'आज पुन्हा तुम्हीच? घ्या पाय बाजूला!' राजाने घेतले. मग तो रोजच जाऊ लागला. दरबार ताटकळत बसे आणि हा विहिरीवर पाय बाजूला घेत बसे." मधुरक थांबला. पुढचा प्रश्न कोणता, हे त्याला माहीत होते आणि दरबारालाही. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले. बोधिसत्त्वाने मान हलवली.

"आता सांगा," मधुरक म्हणाला, "असा तो राजा मूर्ख होता का?"

गोमाईने तोंड उघडले. बोधिसत्त्वाने हळूच तिच्या हातावर हात ठेवला. तिने तोंड मिटले.

"अंहं," राजा म्हणाला.

आपल्याच तोंडातून निघालेला शब्द ऐकून दृढवर्मा दचकला. त्याने दरबाराकडे पाहिले, मधुरकाकडे पाहिले, आणि त्याचे डोळे भरून आले. "अंहं," तो पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला. "मूर्ख कसला? बिचारा एकटा होता."

अमात्य गालातल्या गालात हसला. "मग महाराज, निकाल आपणच दिलात. कथेतला राजा मूर्ख नाही, म्हणजे सांगणारा गुन्हेगार नाही."

मधुरकाला सोडले. हत्तीला कशासाठी आणले होते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तो वाढदिवसाचा ऊस खाऊन परत गेला. राजा खाली उतरून बोधिसत्त्वापाशी आला. "राजकथेकरी हे पद मी तुम्हाला देतो. या माणसाला कथा तुम्ही परत दिलीत. वाडा देतो, वस्त्रं देतो. रोज सगळ्या प्रजेला कथा सांगा."

"क्षमा असावी, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "सगळ्या प्रजेला सांगू लागलो की मला कुणाचाच अंहं ऐकू येणार नाही. माझी सात-आठ माणसं मला पुरेत. शिवाय राजपुत्र झाडावर आहे आणि वाघ अर्ध्यावर चढलाय. येतो आम्ही."

"बघा की," गोमाई म्हणाली, "उगीच वेळ गेला." आणि ती मंडळी आपला दोर परत खांद्यावर घेऊन निघून गेली. सोबत मधुरकही गेला. त्याने पुढे वाख सोलत सोलत कथा ऐकायला शिकून घेतले आणि मग नदीपलीकडच्या मासे धरणाऱ्या धीवरांच्या वस्तीत स्वतःचे मोजके श्रोते जोडले. दुंदुभाला राजाने रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. 'जागा आहेस ना?' विचारले की तो हं म्हणे, आणि सगळ्यांचे समाधान होई.

दुसऱ्या दिवशी दोर वळणाऱ्यांच्या अंगणात एक साध्या कपड्यांतला पाहुणा येऊन बसला. मिशा ओळखीच्या होत्या आणि उजव्या गालावर तीळ होता. सगळे बिचकून हात थांबवू लागले. गोमाईने मात्र मान वर केली नाही.

"पाय बाजूला घ्या," ती म्हणाली. "दोरावर पडलेत."

दृढवर्मा राजाने पाय बाजूला घेतले. आणि त्या दिवसापासून तो रोज कथेला येऊ लागला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, थांबले. विहारातील भिक्षूंकडे पाहून ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा मधुरक म्हणजे हा आपला तरुण मंजुस्वर. भिक्षेला गेला की ज्याला जे रुचेल तसा तो धर्म वळवतो आणि मग डोके धरून बसतो. दृढवर्मा राजा म्हणजे माझ्याजवळचा हा भिक्षू आनंद. गोमाई म्हणजे खांबापाशी बसणारी ती म्हातारी उपासिका. दुंदुभ कोण, ते मी सांगत नाही; तो आत्ताच झोपलाय, झोपू द्या. आणि दोर वळणाऱ्यांच्या अंगणातला कथेकरी मी होतो. जे मोजके लोक मनापासून ऐकतात त्यांच्यापाशी ठाम राहावे, आणि वाडा-वस्त्रांसाठी किंवा सगळ्यांच्या वाहवेसाठी तिथून हलू नये. ठाम निश्चयाच्या या सद्गुणाला, या पारमितेला, अधिष्ठान म्हणतात." मग ते मंजुस्वराकडे वळले. "काय रे, उद्यापासून पुन्हा सगळ्यांना आवडेल असंच बोलणार का?"

"हं," मागून कोणीतरी झोपेत म्हणाले.

सगळे भिक्षू हसू लागले. मंजुस्वरही हसला, हसता हसता त्याचे डोळे ओले झाले, आणि शास्त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत तो म्हणाला, "अंहं."